घड्याळांच्या पंचायतीची बखर

जुन्या कागदपत्रांत ज्यांनी वर्षे घालवली आहेत त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. रुमाल सोडावा आणि पहिल्या कागदापासून शेवटच्या कागदापर्यंत ओळीने वाचत सुटावे, असे कोणी करीत नाही. केलेच, तर हाताला धूळ लागते आणि डोळ्यांना चष्मा लागतो. एखादे नाव, एखादी मिती, एखाद्या हुंडीचा आकडा धरायचा आणि तो कोणकोणत्या कागदांतून फिरला त्याचा माग काढीत जायचे, ही खरी रीत. माझे शिक्षण इतिहासाचे झाले आणि पोटापाण्याचा उद्योग मात्र संगणकाचा पदरी पडला. त्यामुळे या रीतीचा उपयोग मला जरा निराळ्याच दप्तरात झाला. जगभरच्या संगणकांची घड्याळे एकमेकांशी जुळवून ठेवणारा जो प्रोग्रॅम आहे, त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने स्वहस्ते लिहिलेला मूळ लेख, मी वाचावयास घेतला होता. त्या वाचनात जो इतिहास हाती आला तो दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम हा प्रोग्रॅम करतो काय ते सांगितले पाहिजे. प्रत्येक संगणकात स्फटिकाच्या कंपनांवर चालणारे एक घड्याळ असते, आणि ते मोठे लहरी असते. दहा लक्षांत दहा भागांची चूक ऐकायला काहीच वाटत नाही. पण तेवढ्या चुकीने दिवसाला ०.८६४ सेकंद आणि महिन्याला जवळजवळ २६ सेकंद इकडचे तिकडे होतात. खोली तापली की घड्याळाची चाल बदलते, थंडावली की पुन्हा बदलते. माणसांचे यावाचून काही अडत नाही. लग्नाच्या मुहूर्तालासुद्धा आपण मिनिटभराची सूट देतो. पण एकाच खात्यातून दोन गावी पैसे निघाले, त्यातले आधी कोणते आणि मागून कोणते, हा प्रश्न पडला की दोन यंत्रांच्या घड्याळांतला एका सेकंदाचा फरकही भांडण लावून देतो. म्हणून संगणक एकमेकांना वेळ विचारतात. हे विचारण्याचे आणि सांगण्याचे जे ठरीव नियम आहेत त्यांना नेटवर्क टाइम प्रोटोकॉल, थोडक्यात एनटीपी, म्हणतात. आणि ते नियम पाळून प्रत्यक्ष काम करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचे नाव एनटीपीडी.

याचे जनक डेव्हिड मिल्स. १९३८ साली ३ जून रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे हे जन्मले, ते काचबिंदू घेऊनच. लहानपणी शस्त्रक्रिया झाली आणि डाव्या डोळ्याची थोडीशी दृष्टी वाचली. तेवढ्या दृष्टीवर या गृहस्थांनी १९७१ साली मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली, १९७७ पासून कॉमसॅट या उपग्रह-दळणवळणाच्या कंपनीत काम केले आणि १९८६ पासून डेलावेअर विद्यापीठात अध्यापन केले. उपग्रहामार्फत अटलांटिकपलीकडे जाणाऱ्या जाळ्यावर घड्याळे जुळवण्याचा त्यांचा प्रयोग १९७९ साली लोकांना दाखवण्यात आला. इंटरनेटचे नियम क्रमांक घातलेल्या टिपणांतून प्रसिद्ध होतात. त्यांतले ९५८ क्रमांकाचे टिपण मिल्स यांनी सप्टेंबर १९८५ मध्ये लिहिले, आणि एनटीपी हे नाव तेथून रूढ झाले. पुढे १९८८, १९८९, १९९२ आणि २०१० साली त्याच्या सुधारून वाढवलेल्या आवृत्त्या निघाल्या. एका माणसाने एकाच प्रश्नाचा पाठपुरावा चाळीस वर्षे करावा, असे उदाहरण या धावपळीच्या क्षेत्रात विरळाच. २०२२ च्या सुमारास उरलीसुरली दृष्टीही गेली, आणि १७ जानेवारी २०२४ रोजी वयाच्या ८५ व्या वर्षी ते निवर्तले.

आता खरी अडचण ध्यानात येईल. जगाची घड्याळे ज्या लेखावर चालत आली, त्याचे अंतरंग ज्याला मुखोद्गत होते तो माणूस गेला. मागे राहिला तो लेख. तो वाचून दुसऱ्या कुणाला त्यात वाट काढता येते का?

हा लेख मुळात एकटाकी नाही. मिल्स यांनी प्रथम पीडीपी-११ जातीच्या लहान यंत्रांसाठी 'फझबॉल' नावाची प्रणाली लिहिली होती. १९८६ साली अमेरिकेतील एनएसएफनेट या जाळ्याचा पहिला कणा उभा राहिला, तो याच फझबॉल यंत्रांवर. घड्याळांचे आरंभीचे प्रयोग त्यांवरच झाले. त्या प्रयोगांतली एक गंमत सांगण्यासारखी आहे. यांतली कित्येक यंत्रे विजेच्या प्रवाहाच्या आंदोलनांवरून वेळ मोजत, आणि विजेची मागणी दिवसा वाढली, रात्री उतरली, की त्याबरोबर ही घड्याळेही काही सेकंद मागेपुढे डुलत. एकाच वीजजाळ्यावरची सगळी मिळून एकत्र डुलत! पुढे मेरीलँड विद्यापीठात मायकेल पेट्री आणि लुई ममाकोस यांनी युनिक्ससाठी प्रोग्रॅम लिहिला. टोरोंटो विद्यापीठाच्या डेनिस फर्ग्युसन यांनी दुसरा लिहिला, त्याला 'एक्सएनटीपीडी' म्हणत. हाच फर्ग्युसन यांचा लेख डेलावेअरला वाढत गेला आणि चौथ्या आवृत्तीत त्याच्या नावातला 'एक्स' गळून पडला. पदरी बांधलेल्या हक्कपत्रात पन्नासेक सहकाऱ्यांची नावे आहेत. कोणी एका जातीच्या घड्याळासाठी चार पाने जोडली, कोणी दुसऱ्या जातीच्या यंत्रासाठी. एकाच वाड्याला प्रत्येक पिढीने एकेक पडवी काढावी, तसा हा प्रकार झालेला आहे.

अशा वाड्यात दिंडीदरवाजाने शिरले की माणूस हमखास चुकतो. प्रोग्रॅमचा आरंभ जेथून होतो त्या फाइलीत वेळेविषयी अक्षर नाही. तेथे सगळा घरसामान लावण्याचा खटाटोप : कोणत्या अधिकाराने चालायचे, नोंदी कोठे लिहायच्या, कोणते दार उघडे ठेवायचे. मी ती चार पाने चाळली आणि बाजूला ठेवली. त्याऐवजी २०१० च्या नियम-टिपणाचे, म्हणजे क्रमांक ५९०५ चे, शेवटचे परिशिष्ट उघडले. मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे प्रोग्रॅमचा केवळ सांगाडा छापला आहे, आणि त्या सांगाड्यातल्या हाडांची नावे आणि प्रत्यक्ष लेखातली नावे बव्हंशी तीच आहेत : रिसीव्ह, क्लॉक-फिल्टर, क्लॉक-सिलेक्ट, क्लॉक-अपडेट, लोकल-क्लॉक. पाच नावे. एवढा नकाशा हाती आला की बाकीच्या पडव्या तूर्त बंद ठेवता येतात.

मग मी एक पॅकेट धरले. दुसऱ्या संगणकाकडून वेळ सांगणारा जो लखोटा येतो तो साधा ४८ बाइटांचा असतो. १२३ क्रमांकाच्या दाराने तो आत येतो. 'आय-ओ' नावाच्या फाइलीत त्याचे आगमन होते आणि पहिल्याप्रथम त्यावर पोचल्याच्या वेळेचा शिक्का बसतो. वाचणे, तपासणे, सगळे मागाहून, शिक्का आधी. टपाल कार्यालयाच्या उंबऱ्यावरच शिक्का मारावा, साहेबाच्या मेजावर पत्र पोहोचेपर्यंत थांबू नये, असा हा दंडक आहे. कारण आत जितका वेळ मोडेल तितकी वेळेत भेसळ होईल. येथे नवख्याला एक चकवा लागतो. शिक्का मारलेला लखोटा पुढे कोणाच्या हाती जातो ते नाव घेऊन लिहिलेलेच नाही. लखोट्याच्या पाठीवर 'ज्याच्याकडे द्यायचा तो' असा एक रकाना असतो आणि त्या रकान्यात जे नाव आगाऊ भरले असेल त्याच्याकडे तो जातो. शोधयंत्राने कितीही धुंडाळले तरी 'रिसीव्हला बोलाव' अशी सरळ ओळ सापडत नाही. तो रकाना कोठे भरला गेला हे शोधले की धागा पुन्हा हाती येतो.

रिसीव्ह राहते 'प्रोटो' नावाच्या फाइलीत. हेच या वाड्याचे माजघर. येथे आलेला लखोटा कोणाचा, आपण त्याला प्रश्न केला होता का, की हा आगंतुक, याचा निवाडा होतो. आणि त्यासाठी 'पीअर' नावाच्या शेजारच्या फाइलीत एक तक्ता मांडलेला आहे. उभ्या रांगेत आपली भूमिका, आडव्या रांगेत पाहुण्याची, आणि दोहोंच्या चौकटीत निकाल. पंचांगातील गुणमेलनाचा कोष्टक ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा तक्ता समजावून सांगण्याची गरज नाही. जुळत असेल तर पुढे. जुळत नसेल तर लखोटा केराच्या टोपलीत. जो माणूस वारंवार येऊन विनाकारण वेळ विचारतो त्याला एक खास उत्तर धाडण्याची सोय आहे. त्या उत्तराला 'मृत्युचुंबन' असे नाव दिलेले आहे. मिल्स यांचा विनोद असा अधूनमधून डोकावतो.

येथून हिशेब सुरू होतो, आणि तो इतका सोपा आहे की शाळेतल्या मुलालाही करता यावा. समजा, माझ्या घड्याळात ० सेकंद झाले असता मी पत्र धाडले. समोरच्याने ते आपल्या घड्याळाप्रमाणे ५ व्या सेकंदाला घेतले आणि ६ व्या सेकंदाला उत्तर टाकले. ते माझ्या घड्याळाच्या ३ ऱ्या सेकंदाला मला पोहोचले. उत्तर निघाले सहाला आणि आले तीनला, हा चमत्कार! पण ५ मधून ० वजा केले तर ५. ६ मधून ३ वजा केले तर ३. दोहोंची बेरीज ८, अर्धी केली तर ४. समोरचे घड्याळ माझ्यापुढे ४ सेकंद आहे. जाण्यायेण्यात मोडलेला वेळ २ सेकंद. चार शिक्के आणि एक अर्ध, एवढ्यावर सारा डोलारा उभा आहे. मात्र यात एक गृहीत दडलेले आहे : जाण्याला जेवढा वेळ लागला तेवढाच येण्याला लागला. तसे नसेल, तर फरकाच्या निम्मी चूक उत्तरात शिरते आणि ती ओळखण्याचा कोणताही उपाय या चार आकड्यांत नसतो.

उपाय नाही म्हणून मिल्स स्वस्थ बसले नाहीत. क्लॉक-फिल्टर ही त्यांची करामत पानभराचीसुद्धा नाही, पण मला विचाराल तर सबंध लेखातले सर्वांत सुंदर पान हेच. प्रत्येक शेजाऱ्याकडून आलेल्या शेवटच्या आठ साक्षी प्रोग्रॅम जपून ठेवतो. त्यांची सरासरी काढावी, असे तुम्हाआम्हाला वाटेल. तो काढीत नाही. आठांपैकी जी साक्ष वाटेत सर्वांत कमी रेंगाळली तिच्यावर तो विश्वास ठेवतो. वाटेत गर्दी लागली की एका बाजूचा वेळ वाढतो आणि हिशेब बिघडतो; जो लखोटा झटकन जाऊन झटकन आला त्याला गर्दी लागलेली नाही, म्हणून बिघाडाला जागाही कमी. जे दिसत नाही त्याचा अंदाज जे दिसते त्यावरून बांधायचा, ही इतिहासकाराचीच युक्ती नव्हे काय? बाकी, एखादाच आकडा लाहीसारखा ताडकन उडाला तर तो दुर्लक्षावा यासाठी वेगळी योजना आहे, आणि तिचे नावही 'पॉपकॉर्न' असेच आहे.

एका शेजाऱ्याची गोष्ट झाली. शेजारी चार असले तर? क्लॉक-सिलेक्टमध्ये खरी पंचायत भरते. प्रत्येक घड्याळ एकच वेळ सांगत नाही. 'खरी वेळ अमुक ते अमुक यांच्या दरम्यान आहे' असा एक पट्टा सांगते. ज्यांचे पट्टे एकमेकांवर पडतात ती घड्याळे खरी मानायची, ज्याचा पट्टा बाजूला पडला ते खोटे. कीथ मार्झुलो यांनी १९८४ साली स्टॅनफर्ड येथील आपल्या प्रबंधात मांडलेल्या कल्पनेवर ही रीत आधारलेली असून मिल्स यांनी तीत आपले फेरफार केले. खऱ्या घड्याळांना त्यांनी 'ट्रूचाइमर' म्हटले आणि खोट्यांना 'फॉल्सटिकर'. येथे मोठेपणाला वशिला नाही. सरकारी वेधशाळेचे घड्याळ असो की कोपऱ्यातल्या महाविद्यालयाचे, बहुमताबाहेर गेले की बाद.

हा नुसता कागदी न्याय नव्हे. १९ नोव्हेंबर २०१२ रोजी अमेरिकेच्या नौदल वेधशाळेचे 'टिक' आणि 'टॉक' हे दोन वेळदाते बिघडले आणि २००० साल सांगू लागले. वेळेच्या दुनियेत या वेधशाळेचा शब्द म्हणजे वेदवाक्य. जे केवळ तिच्यावर विसंबून होते त्यांच्यापैकी कित्येकांच्या यंत्रांनी बारा वर्षांची मागे उडी घेतली. ज्यांनी चार ठिकाणी चौकशी ठेवली होती त्यांच्या पंचायतीने हे दोन पंच मुकाट्याने बाहेर बसवले.

निकाल लागला तरी घड्याळाचा काटा एकदम फिरवायचा नाही, हे 'लूपफिल्टर' फाइलीतले तत्त्व. चूक १२८ मिलिसेकंदांच्या आत असेल तर घड्याळाची चाल किंचित वाढवायची किंवा घटवायची. तीही सेकंदाला अर्ध्या मिलिसेकंदाहून अधिक नाही. या गतीने एक पूर्ण सेकंद भरून काढायला ३३ मिनिटे २० सेकंद लागतात. चूक १२८ मिलिसेकंदांपलीकडे गेली तर प्रोग्रॅम आधी थोडी वाट पाहतो, आणि तरीही ती टिकली तरच उडी मारतो. आणि चूक १००० सेकंदांहून अधिक दिसली, तर चालू प्रोग्रॅम एक चिठ्ठी लिहून ठेवून चक्क काम सोडतो : काहीतरी भलतेच झाले आहे, मालकाने स्वतः पाहावे. इतका स्वाभिमानी कारकून मी दुसऱ्या कोणत्या कचेरीत पाहिला नाही.

वाचता वाचता २२०८९८८८०० असा एक आकडा भेटतो. नवखा दचकतो. पण शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे ज्याला माहीत आहे त्याने यात दचकू नये. एनटीपी काळ मोजते १ जानेवारी १९०० पासून, आणि युनिक्स १ जानेवारी १९७० पासून. मधल्या सत्तर वर्षांचे आणि त्यांतल्या सतरा अधिक दिवसांचे सेकंद म्हणजे हा आकडा. दोन शकांमधला पूल. सेकंदांसाठी लखोट्यात ३२ बिटांचीच जागा आहे, त्यामुळे ७ फेब्रुवारी २०३६ रोजी हा हिशेब भरून पुन्हा शून्यावर येईल. त्याचीही तजवीज आहे : दोन वेळांतला फरक काढताना चक्राची फेरी उलटली तरी, दोन्ही घड्याळांत ६८ वर्षांपेक्षा जास्त अंतर नसले म्हणजे, वजाबाकी बरोबर येते.

असो. वाड्याचे माजघर असे भक्कम. धोका होता तो पडव्यांत. 'माझ्याकडे अलीकडे कोण कोण वेळ विचारून गेले' ही यादी मागण्याची एक जुनी सोय होती, 'मॉनलिस्ट' नावाची. लहानशी विचारणा करावी आणि ६०० नावांपर्यंतची यादी मिळावी. दुष्टांनी ती विचारणा दुसऱ्याच्या नावाने करून यादीचा लोंढा त्या दुसऱ्याच्या अंगावर सोडण्यास आरंभ केला. फेब्रुवारी २०१४ मध्ये अशा एका हल्ल्याचा जोर सेकंदाला सुमारे ४०० गिगाबिटपर्यंत गेला होता. गंमत, किंवा दुर्दैव म्हणा, असे की नव्या आवृत्तीतून ही सोय २०१० सालीच काढली होती. लोक जुनीच चालवीत होते. त्याच वर्षी डिसेंबरात गूगलच्या सुरक्षा-संशोधकांनी आणखी भोके दाखवली. तीही गुप्तलेखनाच्या, दुरून विचारपूस करण्याच्या आणि बाहेरून व्यवस्था बदलण्याच्या खोल्यांत. अॅपल कंपनीने मॅक संगणकांना मालकांना न विचारता पहिली स्वयंचलित दुरुस्ती धाडली, ती यासाठीच. वेळेचा हिशेब करणारी पाने मात्र यात नव्हती.

या प्रसंगानंतर पुष्कळ लोक प्रथमच या दप्तरात शिरले. तोवर हार्लन स्टेन यांनी तुटपुंज्या पैशावर आणि मोठ्या निष्ठेने ते सांभाळले होते. २०१५ साली काहींनी त्याची नक्कल करून 'एनटीपीसेक' असा वेगळा संसार थाटला आणि निम्म्याहून अधिक ओळी कापून टाकल्या. ज्या घड्याळांचे कारखानेही उरले नव्हते त्यांच्या ओळी आधी गेल्या. रिचर्ड कर्नो यांनी तर १९९० च्या दशकातच 'क्रोनी' हा निराळा प्रोग्रॅम मुळापासून लिहिला होता. नियम तेच, लेख नवा. आपल्याकडेही २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या आदेशाने सेवादात्या कंपन्यांनी आणि सरकारी संस्थांनी आपली घड्याळे राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना केंद्राच्या वेळदात्यांशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या घड्याळांशी, लावावी असे ठरले. त्यामुळे पुण्यामुंबईच्या कचेऱ्यांतही यांतला कोणता ना कोणता प्रोग्रॅम दिवसरात्र दिल्लीला वेळ विचारीत असतो.

कापाकापीविषयी माझे मत थोडे राखूनच आहे. निरुपयोगी पडव्या पाडाव्यात, हे खरे. पण मिल्स यांच्या लेखात ओळीओळींमध्ये टिपा आहेत, आणि अमुक आकडा अमुकच का, याचे उत्तर बहुधा तेथेच किंवा त्यांच्या २००६ सालच्या पुस्तकात सापडते. आज्ञा काय आहे ते यंत्रालाही कळते. ती का आहे, हे त्या टिपांवाचून दुसरीकडे कोठे लिहिलेले नाही. भिंत पाडताना तिच्यावरचा शिलालेख उतरवून घेणारा माणूस नेमला जातो का, हे मी प्रत्येक नव्या आवृत्तीच्या बदलयादीत पाहत असतो. काही ठिकाणी तो नेमलेला दिसतो. काही ठिकाणी नाही.

शेवटी ज्या पानावर मी पोहोचलो ते अगदी किरकोळ आहे. तासातासाला प्रोग्रॅम 'ड्रिफ्ट' नावाच्या एका फाइलीकडे वळतो. आपले स्फटिक किती लबाड आहे, दहा लक्षांत किती भाग पुढे किंवा मागे पळते, हे त्याने तासन्‌तास निरखून ठरवलेले असते. तो आकडा तो त्या फाइलीत लिहितो. दिवे गेले, यंत्र बंद पडले, की शेजाऱ्यांच्या साक्षी, पंचायतीचे निकाल, सगळे पुसले जाते. यंत्र पुन्हा सुरू झाले म्हणजे नवा प्रोग्रॅम उठतो तो आधी ही फाइल उघडतो. आत एकच ओळ असते आणि त्या ओळीत एकच आकडा.